गाळलेल्या पदामागे केनवडपर्यंत

मी वऱ्हाडात जाऊन आले हे कळल्यापासून ओळखीच्या बायका मला तिकडच्या थंडीबद्दल आणि खाण्यापिण्याबद्दल विचारतात. ते सांगेनच. पण मी तिकडे गेले ती हवा बदलायला नाही. पुण्यात मला चैन पडेना, म्हणून गेले.

झालं होतं असं. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवते, आणि संगीत नाटक म्हटलं की माझं भान सुटतं. आम्हा पाचसहा जणांची दर शुक्रवारी बैठक असते. नवीन नाटक लागलं की सगळे मिळून पाहायचं आणि शुक्रवारी त्यावर भांडायचं, असा शिरस्ता. गेल्या पावसाळ्यात 'संगीत गायरान' आलं. राजे नाहीत, अप्सरा नाहीत. दोन-तीन वर्षांमागे जंगल सत्याग्रहात ठिकठिकाणी लोकांनी सरकारच्या राखीव रानात शिरून गवत कापलं आणि तुरुंगात गेले, त्याचंच नाटक. खादीच्या बंडीतला नायक रंगमंचावर गातो हे पाहून आमच्या बैठकीत दोन तट पडले. मी तीनदा पाहिलं. शेवटी हातात बेड्या असताना नायक जे पद म्हणतो, ते मला फार खटकलं. ते गाणं नव्हे, चाल लावलेलं भाषण आहे, असं मी एका मासिकात लेख लिहून सांगितलं. लेख छापून आला आणि बैठकीतली माझी बारा वर्षांची मैत्रीण एवढंच म्हणाली, "हे तू आत्ता लिहायला नको होतंस." मी विचारलं, का? ती छत्री उचलून निघून गेली. त्यानंतर दोन शुक्रवार ती आलीच नाही.

मी लिहिलं ते मनापासून लिहिलं होतं. तरी रोज सकाळी पेटी उघडली की तिचं ते वाक्य आठवायचं. नाताळच्या सुट्टीत ताईचं पत्र आलं, 'गायरानची मंडळी आमच्या भागात येते आहे, तूही ये', आणि मी वळकटी बांधली.

वाशीम

अकोल्याला गाडी बदलली की लहान रुळांची गाडी लागते. ती इतक्या संथपणे चालते की शेजारच्या शेतातली बाई वेचलेला कापूस कमरेला खोचलेल्या ओट्यातून गाठोड्यात टाकेपर्यंत तुम्ही तिला पाहू शकता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस, तूर. माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी मला गाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, नवरा नाही म्हटल्यावर पगार विचारला, आणि मग आपल्या फडक्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. पुण्यात शेजारी बसलेली बाई यातलं काहीच करत नाही.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, वाशीमला वकिली करतात. नाटकाचं वेड त्यांनाही आहे. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी माझा लेख काढला. तो त्यांनी कात्रण करून ठेवला होता.

"मुद्दा पटला मला," ते म्हणाले. "पण शेवटचं पद इथे लोकांना कसं लागतं ते बघायचंय. नाटक मंगरूळपीरला करतायत. आपण जाऊ."

पानात तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी होती आणि जवसाची चटणी. चटणीत ताईने वरून कच्चं तेल ओतलं, इतकं की मी हात आडवा धरला. "इथे असंच खातात," ती म्हणाली, "पंधरा वर्षांत मीही शिकले." मी जेवले, पण लक्ष नव्हतं. ताईने ते पाहिलं आणि पानात आणखी आमटी वाढली.

मंगरूळपीर

मंगरूळपीरला आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो. उतरलो तिथून दर्ग्याचा घुमट दिसत होता. भावजींचे अशील आणि स्नेही फुलचंदशेठ यांच्याकडे आमचा मुक्काम. शेठजींचं कापडाचं दुकान आहे, वय पन्नाशीचं, आणि दुकानाच्या वरच्या खोलीत एक उत्तम पेटी आहे. ते जैन असल्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. नाटकाला जायला हे फारच सोयीचं पडतं. पुण्यात आमची धांदल उडते.

नाटकगृह म्हणजे बांबूच्या तट्ट्यांचा मांडव. बायकांना डावी बाजू, मधे दोरी. खुर्च्या पुढच्या दोन ओळींत, बाकी सगळे आपापली घोंगडी घेऊन आलेले. एक पद संपलं की पुण्यात 'वन्स मोअर' होतं. इथे लोक थेट नटाशी बोलत होते. नायक गवत कापायला निघाला तेव्हा मागून कोणीतरी त्याला सांगितलं, "विळा पयले पाजळून घे." सगळा मांडव हसला आणि नायकाच्याही ओठांच्या कडा हलल्या.

माझ्या शेजारी एका शेतकरी जोडप्यातली बाई होती. नवरा पुरुषांच्या बाजूला, पण दोरीला लागूनच, म्हणून ती दोघं अधूनमधून बोलत. तिसरा अंक सुरू झाला तसा तो सावरून बसला. बेड्या आल्या. नायकाची आई पुढे आली. मी मनातल्या मनात पदाची चाल धरली. आणि पडदा पडला.

मला वाटलं, काही चुकलं. पडदा पुन्हा वर जाईल. तो गेला नाही. पडद्यासमोर समारोपाचं भरतवाक्य सुरू झालं आणि लोक घोंगडी झटकू लागले. तो शेतकरी मात्र बसून होता. बायकोला म्हणाला, "संपलं काय? मंग थे पद कुठी गेलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींच्या ओसरीवर चहाला बरेच जण जमले. आमच्या शुक्रवारच्या बैठकीसारखीच ही बैठक, फक्त इथे कोणी कोणाला मध्येच तोडायला भीत नव्हतं. शेठजी वरून खाली आणवलेल्या पेटीवर बोटं ठेवून म्हणाले, "दोन अंक बाकी वा! तो भीमपलास तर मी झोपेतबी ऐकून राह्यलो होतो. तिसरा अंक म्हंजे सभा. मले सभेले जायचं असतं तर मी तिकीट कायले काढलं असतं?"

भावजींचं दुःख निराळं होतं. कोर्टाच्या प्रवेशात आरोपीला शिक्षा सांगण्याआधी काही विचारलंच नाही, असं कोणत्या कायद्यात बसतं, हे ते प्रत्येकाला पटवत होते.

रात्रीचा तो शेतकरीही तिथेच होता. त्याने बैलगाडी शेठजींच्याच अंगणात सोडली होती. त्याच्या बायकोचं माहेर जवळच्या गावात, म्हणून ओळख. नाव सखारामजी, गाव केनवड. शेठजींनी ओळख करून देताना सांगितलं, "यायनं खरोखर गवत कापलं आहे, बाई. चार महिने आत होते."

"कसं वाटलं नाटक?" मी विचारलं.

सखारामजींनी विचार करून सांगितलं. "थो हवेत विळा फिरवे. गवत डाव्या मुठीत धराव लागते, मंग विळा. अन् वाकून कापताना मानसाले गाता येत नाई, दम पुरत नाई. पन थो शिपाई, धराले येते अन् पयले पानी मांगते, थे खरं हाये. आमच्या वक्ती असंच झालतं. माह्या घरवालीनंच देल्लं पानी."

त्यांची बायको गंगाबाई दाराशी उभी होती. तिने मान हलवली.

"पन मी आलो थे शेवटच्या पदासाठी," सखारामजी म्हणाले. "माह्यासंगं आत एक मास्तर होते. त्यायनं हे नाटक पुन्याले पाह्यलं. मले पत्र लिहलं, शेवटचं पद चुकवू नको. दोन दिवस गाडी हाकत आलो, अन् थेच नाई."

तेवढ्यात नाटक मंडळीचे मॅनेजर शेठजींना भेटायला आले. हसतमुख, सुपारी खाणारा माणूस. भावजींनी त्यांना सरळ विचारलं, पद का गाळलं? मॅनेजर म्हणाले, "परवानगीच्या वेळी कचेरीत नुसतं विचारलं गेलं, हे पद असायलाच हवं का? बंदी नव्हती हो. पण उगाच कटकट कोणाला हवी? आणि आमच्याकडे लेख होताच. पुण्याच्या एका जाणकार बाईंनी लिहिलंय, ते पद म्हणजे कला नाही. तो दाखवला आणि म्हटलं, आम्हीच गाळतो. आता सगळ्या दौऱ्यात गाळूनच करतो."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या सरळ स्वभावाप्रमाणे ते म्हणाले, "त्या बाई याच."

मॅनेजर उभेच राहिले. मला हात जोडून म्हणाले, "तुमचे तर आमच्यावर उपकार आहेत."

मी कपबशी खाली ठेवली. सखारामजींना उपकार वगैरे काही कळलं नसावं. त्यांना एवढंच कळलं की या बाईंनी पद ऐकलेलं आहे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग तुमाले येत असंन ना थे? म्हना ना, बाई. शेठजीची पेटी हाये."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मॅनेजरसुद्धा. मला ते पद अक्षर न् अक्षर पाठ होतं. टीका करायची म्हणून मी ते उतरवून घेतलं होतं.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

सखारामजींनी "बरं" म्हटलं. तासाभराने त्यांनी बैल जुंपले. गाडी वळताना गंगाबाईंनी मला हाताने निरोप दिला आणि मी ओसरीवरून आत गेले.

पुन्हा वाशीम

दोन दिवस मी ताईच्या घरात नुसती फिरत होते. तळ्याच्या काठाने फेऱ्या मारल्या, बाजारात गेले, काही न घेता परत आले. ताईच्या मुलीला गाणं शिकवायला बसले आणि पाच मिनिटांत उठले. रात्री अंथरुणावर ते पद डोक्यात सुरू व्हायचं आणि थांबायचंच नाही. पुण्यातल्या मैत्रिणीला काय म्हणायचं होतं ते आता कळत होतं: अशा दिवसांत माझं मत सरकारच्याच पथ्यावर पडेल. पण मी खोटं काय लिहिलं होतं? पद वाईटच होतं. ते मी पुन्हापुन्हा स्वतःला सांगत होते आणि तरी मला बसवत नव्हतं. लेखापेक्षा ते 'आठवत नाही' मला जास्त टोचत होतं. तो माणूस दोन दिवस गाडी हाकत आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला म्हटलं, "मी केनवडला जाते."

"एकटी? कशाला?"

"एक गाणं म्हणायचं राहिलं."

भावजींचं त्या दिवशी कोर्ट होतं. ते म्हणाले, सर्व्हिस मोटार आहे, जाऊ दे तिला. परत वाशीमला न येता जऊळका स्टेशनवरच पुण्याकडची गाडी धर, म्हणजे एक दिवस वाचेल. ताईने डब्यात धपाटे भरले आणि "पोचल्याबरोबर पत्र टाक" असं तीनदा सांगितलं.

केनवड

मालेगाव ओलांडलं आणि पुढे काही अंतरावर मोटारीने धूर सोडून मान टाकली. ड्रायव्हरने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि जेवायला बसला. केनवड दीड-दोन कोसांवर होतं. दोन बायका टोपल्या घेऊन तिथल्या बाजाराला निघाल्या होत्या. वळकटी मोटारीतच ठेवून मी त्यांच्याबरोबर चालू लागले. थांबून राहणं मला शक्यच नव्हतं. त्यांच्या चालीने चालताना माझ्या पुणेरी चपलेचा अंगठा तुटला. मग मी चपला हातात घेतल्या. काळ्या जमिनीत वाळलेली ढेकळं किती टोचतात ते ज्यांनी अनुभवलं नसेल त्यांनी अनुभवू नये.

"कायले चालल्या केनवडले?" एकीने विचारलं.

"सखारामजींकडे."

"थो जेलवाला?" ती म्हणाली. गावात त्यांची हीच ओळख होती, आणि ती सांगताना तिच्या आवाजात चेष्टा नव्हती आणि कौतुकही नव्हतं.

सखारामजी शेतात होते. गंगाबाई आणि आणखी तिघी कापूस वेचत होत्या. मला अनवाणी येताना पाहून गंगाबाई धावत आली, पाणी दिलं, आणि पायाला लावायला तेल आणायला कोणाला तरी घरी पाठवलं. सखारामजी बांधावरून आले. काय काम काढलं असं त्यांनी विचारलं नाही. "जेवून घ्या पयले," म्हणाले.

त्या दिवशी त्यांच्याकडे शेतातच रोडगे होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, वरची राख झटकतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. बरोबर वांग्याची भाजी, झणझणीत. पुण्यात मी असलं खाल्लं असतं तर डॉक्टर बोलावला असता. इथे दोन रोडगे खाल्ले आणि डोळ्यांतलं पाणी पुसत तिसरा मागितला. मग मात्र मला गप्प राहवेना.

"सखारामजी, ते पद मला येतं. त्या दिवशीही येत होतं. मी खोटं बोलले."

"काहून?"

मी सगळं सांगितलं. लेख, मॅनेजर, उपकार. ते ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "लेखात तुमी खोटं लिहलं काय?"

"नाही. मला वाटलं तेच लिहिलं."

"मंग थ्याची लाज कायले वाटून राह्यली? म्हना आता."

पेटी नव्हती. गंगाबाई आणि त्या तिघी कापसाचे ओटे सोडून जवळ बसल्या. मी तुरीच्या पेंढ्यांजवळ उभी राहून गायले. मी आयुष्यात अनेकांसमोर गायले आहे, पण माझा आवाज पहिल्या ओळीला इतका कधी कापला नव्हता. दुसऱ्या कडव्याला सावरला. पद संपलं. 

सखारामजींनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं बराबर हाये. हे पद चांगलं नाई."

मला हसू आलं आणि रडूही. मी विचारलं, "का?"

"याच्यात थो म्हन्ते, रान आमचं, रान आमचं. आमी असं म्हनलंच नाई. आमच्यातल्या कोनाच्या तोंडात थे नव्हतं. आमी म्हनलं, गुरायले चारा पाह्यजे, अन् चारा थितं उभा हाये. इतकंच. धरलं तवा माह्ये पाय लटलट करे. याच्यातल्या गड्याचे करत नाई."

"अन् घरी दूध कोन काढे?" गंगाबाई म्हणाली. ती मला उद्देशून बोलत नव्हती, पदालाच विचारत होती. "चार महिने हे आत. म्हैस माह्या हाताले सवय नसलेली, रोज लाथा मारे. त्याचं नाव नाई याच्यात."

एक वेचणारी बाई म्हणाली की तिला आवडलं. का, ते तिला सांगता येईना, पण अंगावर काटा आला. तिने हात पुढे करून दाखवला. दुसरी म्हणाली, चाल जरा हळू असती तर बरं. मग त्या चौघी आणि सखारामजी यांच्यात चांगलीच जुंपली. मी बाजूला बसून ऐकत होते. आमच्या शुक्रवारच्या बैठकीत इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं, मीही नाही.

वाद थांबल्यावर सखारामजी माझ्याकडे वळले. आता त्यांचा आवाज बदलला होता.

"हे चांगलं नाई असं तुमी पुन्याले म्हनलं, तुमचा हक हाये. पन हे आमाले ऐकू द्याले पाह्यजे होतं. चांगलं नाई, हे आमीबी म्हनलं असतं. थे म्हनाचं आमच्या हातून काढून घेतलं."

"मी ते थांबवू शकले नसते," मी म्हणाले.

"तवा नसन थांबवता आलं. आता तं लिहता येते ना?"

मोटार दिवस मावळता आली आणि माझी वळकटी तिने इमानाने पोचवली. रात्री गंगाबाईंच्या शेजारी मी झोपले. पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच सकाळपर्यंत जाग आली नाही.

जऊळका

केनवडहून जऊळका स्टेशन गाडीबैलाने दिवसभराचं अंतर आहे. सखारामजींनी तांबडं फुटायच्या आत गाडी काढली. गंगाबाईही आली. थंडी अशी की घोंगडीतून नाक बाहेर काढवत नव्हतं. वाटेत राखीव रानाची कड लागली. मी विचारलं, इथेच का? त्यांनी चाबकाने दिशा दाखवली. "थे निंबाचं झाड दिसते, थितून आतमंधी." गवत वाळून पिवळं पडलं होतं, कोणी कापलेलं नव्हतं. मला तिथे काहीतरी वाटायला हवं होतं. मला वाटलं ते एवढंच, की हे फार साधं गवत आहे.

स्टेशनवर गंगाबाईंनी माझ्या तुटक्या चपलेकडे पाहिलं आणि आपल्या वाहणा काढून दिल्या. मी नको म्हटलं. "घरी दुसऱ्या हायेत," ती म्हणाली. नव्हत्या, हे मला तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी त्या घेतल्या. पुढे पुण्याहून नव्या पाठवल्या, त्या पोचल्याचं गावातल्या शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड मला आलं.

गाडी आली. सखारामजी म्हणाले, "लिहसान ना?"

"लिहीन."

पुण्यात आल्यावर मी पहिल्याच शुक्रवारी मैत्रिणीच्या घरी गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चहा टाकला. मग मी दुसरा लेख लिहिला. पदाबद्दलचं माझं मत तेच आहे, पण त्या मताचा उपयोग पद गाळायला केला गेला, तो मला मान्य नाही. पद परत घ्यावं आणि लोकांना ते वाईट म्हणू द्यावं, अशा अर्थाचा. महिन्याभराने तो साभार परत आला. या नाटकावर आपण एकदा मत दिलेलं आहे, तोच विषय पुन्हा नको, असं संपादकांनी अत्यंत सभ्यपणे लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: 'आपण नुकत्याच वऱ्हाडात जाऊन आलात असे समजते. प्रवासवर्णन पाठवल्यास आनंदाने छापू.'

म्हणून हे प्रवासवर्णन. आमटी, रोडगे, मोटार, थंडी, सगळं त्यात घातलं आहे, आणि खरं तेच घातलं आहे. शिवाय पदाचं पहिलं कडवंही खाली देते आहे. मला ते आवडत नाही. वाचकांनी आपलं आपण ठरवावं.

रान आमुचे, गवत आमुचे, विळा आमुच्या हाती,
कुणी लिहावा हुकूम येथे, अमुची असता माती?
घाला बेड्या, न्या तुरुंगी, मोजा अमुची पापे,
आज कापतो एक गवत हे, उद्या गाव ते कापे.